पेरुगेटजवळची अभ्यासिका: सहा महिन्यांचा अनुभव

पुण्यात पेरुगेटच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आहे ही अभ्यासिका, मी रोज सकाळी साडेसहा ते सव्वासात जाते आणि मग ऑफिस. मी एमपीएससीवाली नाही हं. पणजोबांच्या हिशोबाच्या मोडी वह्या आहेत घरी, त्या देवनागरीत उतरवायच्या असं चार वर्षं नुसतं घोकत होते, पण घरी बसलं की कुकर, दूधवाला, बेल, आणि रविवारी निवांत चार तास बसू म्हटलं तर तो निवांत रविवार कधी उगवतच नाही.

फिक्स सीट घेतली, लॉकरसकट महिना १२०० रुपये. वही, भिंग, पेन्सिल सगळं लॉकरमधेच असतं, सकाळी काहीच शोधायचं नाही, चप्पल काढली की कामाला लागायचं. रोज पाचच ओळी. पाच कमी वाटतील, पण मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, आधी आडवी रेघ मारून खाली सगळं सलग, एकेका ओळीत आठ-नऊ मिनिटं सहज जातात. एकदा एका पानाची बेरीजच लागेना, आठ आण्यांनी कमी येत होती. दुसऱ्या दिवशी तेच पान भिंगाखाली धरलं तर एका आकड्यापुढे '९॥' होतं, त्या दोन उभ्या रेघा मी पूर्णविरामाचे दंड समजून सोडल्या होत्या, त्या म्हणजे अर्धा! साडेनऊ रुपये! बेरीज चोख लागली. मधे आठवडा गेला असता ना, तर ते पान डोक्यात राहिलंच नसतं, हे रोज येण्यामुळेच झालं.

शांतता खरंच उत्तम, पोरं मान वर करत नाहीत, ती बघून आपणही मोबाईल बाहेर काढत नाही. शटर उघडणारे काका वेळेचे पक्के. विसर्जनाला बंद होतं, तेव्हा घरीच डायनिंग टेबलवर पाच ओळी केल्या.

पार्किंगचा मात्र खरंच त्रास आहे, सम-विषम तारखेची पाटी बघूनच गाडी लावा, माझी एकदा उचलून नेलीये. एसीही कोपऱ्यातल्या सीटांवर थेट येतो, मी पहिला महिना शाल घेऊन बसत होते.

आत्तापर्यंत ३८ पानं झालीत, पुढच्या तीन महिन्यांचे पैसे कालच भरले. सीट घेणार असाल तर खिडकीकडची मागा, सकाळचा उजेड चांगला येतो आणि तिथला प्लगही ढिला नाहीये.