दोघांचा धंदा: भागीदारी फर्म की एलएलपी?

दोघातिघांनी मिळून धंदा करायचं ठरलं की सीएच्या टेबलावर दोन पर्याय येतात: १९३२ च्या कायद्याखालची भागीदारी फर्म किंवा २००८ च्या कायद्याखालची एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी. मर्यादित जबाबदारी म्हणजे संस्थेच्या देण्यांसाठी भागीदाराची खासगी मालमत्ता सहसा पणाला लागत नाही. निवड करताना तिला वाजवीपेक्षा जास्त वजन दिलं जातं, असं माझं मत आहे. लहान एलएलपीला कर्ज देताना बँक बहुधा भागीदारांची वैयक्तिक हमी मागते, आणि हमीवर सही झाली की त्या कर्जापुरतं राहतं घर दोन्हीकडे सारखंच धोक्यात. फरक पडतो तो बाकीच्या देण्यांत. फर्मची सगळी थकबाकी पुरवठादार एकट्या भागीदाराकडून वसूल करू शकतो. एलएलपीत तसं होत नाही, आणि दुसऱ्या भागीदाराच्या गैरकृत्याचा भारही तुमच्या अंगावर येत नाही. स्वतःच्या चुकीचा मात्र येतो.

माझा कल एलएलपीकडे झुकला तो वेगळ्याच त्रासामुळे: भागीदार बदलताना कराव्या लागणाऱ्या कागदांमुळे.

प्राप्तिकर सोडला, तर कायद्याच्या लेखी फर्म म्हणजे त्या वेळचे भागीदारच. त्यांच्याहून वेगळं असं तिचं अस्तित्व नाही. म्हणून एक माणूस आला-गेला की नवं भागीदारीपत्र, फर्मची नोंद ठेवणाऱ्या निबंधकाकडे बदलाची नोंद, बँकेत नव्या सह्या, गाळ्याच्या भाडेकरारात दुरुस्ती, सगळं ओळीने करावं लागतं. यातली निबंधकाची नोंद हमखास राहून जाते, आणि तीच पुढे नडते. दावा लावताना फर्म नोंदलेली हवी आणि दावा लावणाऱ्यांची नावं भागीदार म्हणून नोंदवहीत हवीत. नाहीतर ग्राहकाकडची उधारी वसूल करायला गेलं की भागीदारी कायद्याचं कलम ६९ आडवं येतं आणि दावा चालत नाही. समोरचा मात्र त्याच फर्मवर खुशाल दावा लावू शकतो. निवृत्त होणाऱ्यालाही जाहीर नोटीस द्यावी लागते. ती राहिली, तर त्याला भागीदार म्हणून ओळखणाऱ्यांपुरता तो नंतरच्या व्यवहारांतही अडकलेला राहतो.

दोनच भागीदार असतील तर प्रकरण आणखी बिकट. एकाचा मृत्यू झाला की फर्म संपली. ‘मृत्यूनंतरही फर्म चालू राहील’ हे कलम पत्रात असलं तरी उपयोग नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. वारसाला घेऊन धंदा चालवला तरी ती नवी फर्म: नवा पॅन, म्हणून नवी जीएसटी नोंदणी, आणि जुन्या खात्यातलं इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) आयटीसी-०२ हा फॉर्म भरून इकडे आणायचं. हे सगळं घरात दुःख असताना.

एलएलपीत हाच प्रसंग आला तर संस्था जागच्या जागी राहते. पॅन तोच, जीएसटी क्रमांक तोच, करार एलएलपीच्याच नावावर. बदल कळवायला फॉर्म ४, भागीदारांमधला एलएलपी करार बदलला तर फॉर्म ३, दोन्हींची मुदत ३० दिवस. एकटा उरलेला भागीदार सहा महिन्यांत दुसरा आणू शकतो. तोवर आणला नाही आणि धंदा चालूच ठेवला, तर त्यानंतरची देणी त्याच्या अंगावर येतात. भागीदाराला स्वतःहून बाहेर पडायचं असेल आणि करारात काही लिहिलं नसेल, तर ३० दिवसांची लेखी नोटीस पुरते. मुदत न ठरवता मर्जीवर चालणाऱ्या फर्ममध्ये एका भागीदाराच्या नोटिशीने अख्खी फर्म विसर्जित होऊ शकते.

एलएलपी फुकट पडत नाही, हेही खरं. दरवर्षी ३० मेपर्यंत वार्षिक विवरणाचा फॉर्म ११, ३० ऑक्टोबरपर्यंत हिशेबांचा फॉर्म ८, वर्षभर एक बिल फाडलं नसलं तरी. या फॉर्मांवर लागणाऱ्या डिजिटल स्वाक्षरीची मुदत ऐन शेवटच्या आठवड्यात संपलेली निघते, म्हणून ती एप्रिलमध्येच तपासावी. उलाढाल ४० लाखांच्या किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेलं की ऑडिट सक्तीचं. आणि सगळ्यात मोठी उणीव: उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा गृहीत धरून कर भरायची सोय फर्मला आहे, एलएलपीला नाही. अर्थात त्या सोयीत फर्मला भागीदारांचा पगार आणि व्याज वेगळं वजा करता येत नाही. तरी घरच्याच दोघांचा, उधारी नसलेला छोटा व्यापार असेल, तर मी फर्मला नाही म्हणणार नाही. फक्त ती पहिल्याच महिन्यात नोंदवून घ्यावी.

भागीदार घरातले नसतील, किंवा कुणी चार-पाच वर्षांत बाहेर पडेल अशी शक्यता असेल, तर सुरुवातीलाच एलएलपी करणं बरं वाटतं. फर्मचं रूपांतर नंतर फॉर्म १७ भरून करता येतं. पण त्या वेळी फर्मचे सगळे भागीदार, आणि फक्त तेच, एलएलपीत यावे लागतात, तारणावर कर्ज देणाऱ्यांची संमती लागते, आणि रूपांतराआधीच्या देण्यांची वैयक्तिक जबाबदारी तशीच राहते.