यंत्रमागावर गेलेला कान आणि कोल्हापुरातील एक श्रवणतपासणी केंद्र

माझ्या वडिलांनी इचलकरंजीत ३४ वर्षे यंत्रमाग चालवले. त्या खडखडाटात शेजारच्या मागावरच्या माणसाचे बोलणेही ओठांवरून ओळखावे लागे. त्यामुळे निवृत्तीनंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागले, तेव्हा घरात कोणालाच नवल वाटले नाही. ‘नस कमजोर झाली असणार, कानाचे मशीन घ्या,’ असे जो तो सांगे. दोन वर्षांपूर्वी एका दुकानातून आम्ही मशीन घेतलेही; विकणाऱ्याने कानात डोकावूनसुद्धा पाहिले नाही. त्या मशीनमधून भांड्यांचा आवाज अंगावर येई आणि नातीचे बोलणे मात्र निसटतच राही. तीन महिन्यांत ते कपाटात गेले. यंदा कोल्हापुरातील एका श्रवणतपासणी केंद्रात आम्हाला जो अनुभव आला, तो म्हणूनच सविस्तर लिहावासा वाटतो.

येथील ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) मॅडमनी मशीनचा विषय पहिल्या भेटीत काढलाच नाही. लहानपणी कान वाहायचा का, चक्कर येते का, क्षयरोगाची इंजेक्शने कधी घेतली होती का, अशी चौकशी त्यांनी वीस मिनिटे केली. स्ट्रेप्टोमायसिनसारख्या काही औषधांनी आतल्या कानाला कायमची इजा होऊ शकते, हे मला तेव्हा प्रथमच कळले. मग दुर्बिणीतून पाहताना उजव्या कानाच्या पडद्याला जुने छिद्र दिसले. बाबांचा तो कान लहानपणापासून वाहत असे, परंतु ते सांगण्यासारखे आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

आवाजबंद खोलीतील तपासणी दोन प्रकारे झाली. आधी हेडफोन लावून २५० ते ८००० हर्ट्झपर्यंतचे सूर ऐकवले गेले. त्यानंतर कानामागच्या हाडावर एक छोटा कंपक बसवून तसेच सूर हाडावाटे थेट आतल्या कानापर्यंत पोहोचवले आणि दुसऱ्या कानाने मदत करू नये म्हणून त्यात सतत शूं असा आवाज सोडला. बाबा डोळे मिटून, हातातले बटण अंगठ्याखाली धरून बसले होते. सूर लागला की अंगठा दाबला जाई. काचेतून पाहताना, मॅडमचा हात यंत्रावर फिरत असूनही तो अंगठा बराच वेळ हलला नाही, तेव्हा माझा जीव गलबलला.

आलेख समोर ठेवून मॅडमनी जे समजावले, त्यासाठी मी या केंद्राला सर्वाधिक गुण देईन. हाडावाटे चांगले ऐकू येते आणि हवेवाटे कमी, असे असेल तर दोष मळ, पडदा, मधल्या कानातील पाणी किंवा तेथील हाडांच्या साखळीत असतो आणि तो बहुधा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने दूर होऊ शकतो. दोन्ही मार्गांनी सारखेच कमी ऐकू येत असेल, तर आतल्या कानातील आवाज टिपणाऱ्या नाजूक केसपेशी किंवा नस बाधित असते. नष्ट झालेल्या केसपेशी माणसात पुन्हा येत नाहीत. तेथे मशीन, आणि नुकसान फारच तीव्र असून मशीननेही भागत नसेल तर कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात बसवायचे उपकरण), हे मार्ग उरतात. बाबांच्या डाव्या कानाची निळी रेघ ४००० हर्ट्झच्या उंच सुरापाशी ७० डेसिबलपर्यंत घसरली होती, म्हणजे तो सूर तेवढा मोठा केल्यावरच त्यांना ऐकू येई. ती मागांची खूण. ‘साठ’ म्हटले की त्यांना ‘आठ’ ऐकू येते, याचे कारणही तेच, कारण ‘स’चा आवाज बारीक आणि उंच पट्टीतला. उजव्या कानात मात्र दोन्ही दोष एकत्र आहेत. पडदा बसवला तर त्यातला एक भाग भरून निघेल, मागांनी नेलेला भाग परत येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली.

एका कानाचे ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत गेले तर मळ समजून थांबू नये, हेही त्यांनी आवर्जून बजावले. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांतच अधिक होतो, त्यामुळे त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

मशीन सध्या डाव्याच कानाला दिले आहे. वाहणारा उजवा कान मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याने बंद करणे त्यांना योग्य वाटले नाही. कानाच्या नळीत बारीक सिलिकॉनची नळी घालून, पडद्याजवळ प्रत्यक्ष किती आवाज पोहोचतो हे मोजूनच त्यांनी मशीन जुळवले. आधीच्या दुकानात असे काही असते याचा पत्ताही नव्हता. मशीनचा खर्च ३८ हजार आला. ज्यांना तो झेपत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची, दिव्यांगांना साधनांसाठी मदत करणारी अडिप योजना आहे, ही माहिती त्यांनी आपणहून दिली.

उणिवाही आहेत. केंद्र पहिल्या मजल्यावर असून लिफ्ट नाही, वेळ ठरवूनही आम्ही तासभर ताटकळलो आणि अहवाल केवळ इंग्रजीत मिळतो. ज्या केंद्रात इतके चांगले समजावून सांगतात, तेथे मराठीत चार ओळी लिहून द्यायला हव्यात.

महिन्याने पुन्हा जुळवणीसाठी गेलो, तेव्हा मशीनमधील नोंदीत रोजचा वापर नऊ तास दिसला. मॅडमनी बाबांच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात ‘साठ’ म्हटले आणि त्यांनी मागे न वळता ‘साठ’ असेच उत्तर दिले. उजव्या कानाच्या शस्त्रक्रियेचे दिवाळीनंतर ठरवणार आहोत.