जुन्या छोट्या गाडीला कोणते ब्रेक पॅड? ऑरगॅनिक, सेमी-मेटॅलिक आणि सिरॅमिकची पारख

जुन्या छोट्या गाडीसाठी आमचा कौल ऑरगॅनिक पॅडला, म्हणजे पोलादाचे तंतू नसलेल्या मऊ पॅडला. दुकानदार बहुतेक वेळा सेमी-मेटॅलिकचा डबा पुढे करतो, "हे जास्त टिकतात" म्हणून. टिकतात खरे, पण डिस्कच्या (पॅड जिला पकडतात त्या, चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीच्या) जिवावर. त्यांच्यात पोलादाचे तंतू असतात, ते डिस्क जास्त खातात. दहा-पंधरा वर्षं चाललेली डिस्क आधीच पातळ झालेली असते आणि किमान जाडीचा आकडा तिच्यावरच कोरलेला असतो. पॅड घेण्याआधी मायक्रोमीटरने जाडी मोजा. आकड्याच्या खाली गेली असेल तर नुसते पॅड बदलण्यात अर्थ नाही. शिवाय सेमी-मेटॅलिक पॅड थंड असताना कमी पकडतात आणि उष्णता पिस्टनकडे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या दट्ट्याकडे, जास्त ढकलतात. ब्रेक ऑइल जुनं असेल तर त्यात पाणी शोषलेलं असतं, ते लवकर उकळतं आणि लांब घाटात पेडल खाली बसतं.

सिरॅमिक आवाज करत नाहीत, काळी धूळही कमी. मात्र लोखंडी रिमवर टोपी लावलेल्या गाडीला त्या स्वच्छतेसाठी जास्त पैसे मोजणं आम्हाला पटत नाही.

पॅडच्या कडेवर दोन अक्षरं छापलेली असतात, ती वाचाच. पहिलं थंड ब्रेकची पकड सांगतं, दुसरं तापलेल्या ब्रेकची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ ०.३५ ते ०.४५, जी ०.४५ ते ०.५५. रोजच्या वापराला एफएफ उत्तम. एफई नको, कारण तापल्यावर पकड घसरते. ही अक्षरं फक्त पकडीची, टिकाऊपणाची नव्हेत.

जुना पॅड सोबत घेऊन जा. एकाच मॉडेलला वेगवेगळ्या वर्षी वेगळे कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) लागलेले असू शकतात. लोखंडी पाठ नव्या पॅडच्या पाठीवर ठेवून दोन्ही कान जुळतात का बघा. डब्यात नव्या क्लिपा असतील तर तोच डबा घ्या.

काढलेले पॅड लगेच फेकू नका. आतला २ मिमी आणि बाहेरचा ६ मिमी उरला असेल, तर दोष पॅडचा नाही, बहुतेक वेळा कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना जाम असतात. त्या साफ करून सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसने रबरी बूट फुगतात आणि पिना पुन्हा अडकतात. नवा पॅड ब्रॅकेटमध्ये घट्ट बसत असेल तर पॅड घासू नका. क्लिपांखालचा गंज तारेच्या ब्रशने काढा.

पिस्टन आत दाबताना ब्रेक ऑइलच्या डब्यातली पातळी वर चढते, आधी थोडं काढून ठेवा. सांडलं तर गाडीचा रंग जातो. चाकं बसवल्यावर, गाडी हलवण्याआधी, पेडल कडक होईपर्यंत पंप करा. हे विसरलं तर पहिला ब्रेक लागतच नाही.

मग नवे पॅड डिस्कवर नीट बसावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा वेग उतरवा, पूर्ण न थांबता. पुढची दहा मिनिटं शक्यतो ब्रेक न लावता चालवा. थांबल्यावर दोन्ही पुढच्या रिमजवळ हात न्या, टेकवू नका. एक बाजू जास्त तापली असेल तर तिकडचा पिस्टन किंवा पिन अजून अडकते आहे.