खाऱ्या पाण्यातून आलेल्या रॉड-रिळासाठी डब्ल्यूडी-४०: कामाचा, पण रिळाच्या पोटात नको

कोकणात गरवणाऱ्यांच्या, म्हणजे गळाने मासे धरणाऱ्यांच्या, पिशवीत हा निळा-पिवळा डबा बऱ्याचदा दिसतो. घरी आलं की रिळावर फसाफस मारायचा आणि रीळ कोपऱ्यात ठेवून द्यायचं, ही त्याची सगळ्यात रूढ आणि सगळ्यात चुकीची वापरपद्धत. स्प्रे चांगलाच आहे. १९५३ साली सॅन दिएगोत तो तयार झाला तो धातूवरचं पाणी हुसकावून गंज रोखायला, आणि ते काम तो आजही चोख करतो.

मीठ मात्र त्याने निघत नाही. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. ते पाण्यात विरघळतं, पेट्रोलियमच्या द्रावकात नाही. न धुता फवारलं की मिठाचे कण तेलाच्या पापुद्र्याखाली अडकतात, ओल धरतात आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड धरू लागते.

म्हणून आधी गोडं पाणी. ड्रॅगची (मासा ओढू लागला की दोरी रोखत सोडणाऱ्या ब्रेकची) चकती घट्ट आवळा, म्हणजे वॉशरपर्यंत पाणी जाणार नाही. झारीच्या हलक्या धारेखाली रीळ धरा. पाइपची जोरदार धार मीठ धुण्याऐवजी आत ढकलते. रीळ बादलीत बुडवू नका. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ असेल तर शेवटचा हात पिण्याच्या पाण्याने फिरवा. रॉडवर दोरी ओवायच्या गाइडमध्ये कडी आणि चौकट जिथे मिळतात, तिथे जुना टूथब्रश लावा. मग पुसून सावलीत वाळवा आणि ड्रॅग पूर्ण सैल करा, नाहीतर वॉशर दबून बसतात.

आता डबा. पक्कड आणि कात्री यांच्या खिळीवर तो अप्रतिम. जाम झालेली पक्कड सुटते. ट्रेबल हूक (तीन टोकांचा गळ), स्प्लिट रिंग आणि स्नॅप (गळ-दोरी जोडायच्या कड्या) यांना फडक्यावर घेऊन चोळा, थेट फवारू नका. लूरची (नकली आमिषाची) पारदर्शक जीभ बऱ्याचदा पॉलिकार्बोनेटची असते आणि त्या प्लास्टिकवर हा वापरू नये, असं कंपनीच सांगते. (यात माशाचं तेल असतं, म्हणून मासा खेचला जातो, हीसुद्धा कंपनीनेच खोडलेली अफवा.)

रिळाच्या आत नको, कारण त्यातलं द्रावक गिअरवरचं ग्रीस पातळ करून वाहवतं, मग स्वतः उडून जातं. मागे उरतो तो पातळ थर, दातांवरचा भार पेलायला अपुरा. वाहिलेलं ग्रीस अँटी-रिव्हर्सच्या (हँडल उलटं फिरू न देणाऱ्या) क्लचमध्ये शिरलं तर ऐन हिसक्याला हँडल उलटं फिरतं. ड्रॅगच्या वॉशरवर उडालं तर ड्रॅग अडखळत सुटतो आणि जिताड्यासारखा मासा दोरी तोडतो. लाइन रोलर (दोरी जिच्यावरून सरकते ती चकरी), बेलचे (रिळावर दोरी गुंडाळणाऱ्या तारेच्या कमानीचे) सांधे आणि हँडलची मूठ यांना रिळाचं पातळ तेल एकेक थेंब, गिअरला मरीन ग्रीस. त्याच कंपनीचं पांढरं लिथियम ग्रीस वेगळ्या डब्यात मिळतं. दुकानात डबा नीट वाचून घ्या.

नुसत्या हूक-पकडीसाठी लहान डबा पुष्कळ दिवस पुरतो. आतला माल ज्वलनशील आणि दाबाखाली असतो, तेव्हा मे महिन्यात उन्हातल्या गाडीत तो ठेवू नका.