ओबीएस सात महिने वापरून: खर्च करायच्या आधी स्टॅट्सच्या तीन ओळी वाचा

सात महिने झाले ओबीएसवर, म्हणजे पीसीची स्क्रीन नेटवर थेट दाखवायच्या सॉफ्टवेअरवर, स्ट्रीम करतोय, सांगलीत विश्रामबागच्या घरातनं, आठवड्यातनं पाच दिवस रात्री नऊ ते साडेअकरा, गेम व्हॅलोरंट. मशीन साधंच, रायझन 5 3600, जीटीएक्स 1650, 16 जीबी रॅम. ओबीएस फुकट आहे, कसं टाकायचं ते सगळ्यांना माहितीय, त्यात वेळ घालवत नाही. मला एकाच गोष्टीवर बोलायचंय, डॉक्स मेनूत स्टॅट्स म्हणून जी खिडकी आहे तिच्यावर. ती पहिल्या दिवशी उघडून बघितली असती तर माझे साडेचार हजार रुपये आणि तीन महिने वाचले असते.

झालं असं की एका रात्री मॅच रंगात आलेली आणि पुण्यातनं भाच्याचा फोन, "मामा, चित्र थांबलंय तुमचं, आवाज पण तुटतोय." माझ्या स्क्रीनवर गेम एकदम स्मूथ. मला वाटलं मशीन कमी पडतंय. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो, तो म्हणाला रॅम वाढवा, वाढवली, 3200 रुपये, काडीचा फरक नाही. मग कुणीतरी सांगितलं वायफायचा नवा अडॅप्टर घे, ते 1300. दोन दिवस बरं चाललं आणि परत तेच. लई चिडचिड झाली, कारण पैसा कष्टाचा आहे आणि दोष नक्की कुठं आहे हेच कळत नव्हतं.

आता ती खिडकी. तिच्यात तीन ओळी महत्त्वाच्या. फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र. रेंडरिंग लॅगमुळं हुकलेल्या फ्रेम, म्हणजे ग्राफिक कार्डावर भार. एन्कोडिंग लॅगमुळं सुटलेल्या फ्रेम, म्हणजे व्हिडिओ दाबून पाठवायला तयार करणारा एन्कोडर मागं पडतोय. आणि ड्रॉप्ड फ्रेम, म्हणजे फक्त आणि फक्त नेट. यातली कुठली ओळ चढतीय ते बघायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं. माझ्या तिन्ही चढत होत्या, म्हणून एक उपाय केला की दुसरं दुखणं तसंच राहायचं आणि मला वाटायचं उपाय चुकला.

एन्कोडिंगचं आधी मिटलं. मी एक्स264, म्हणजे प्रोसेसरवर चालणारा एन्कोडर, मीडियम प्रीसेटवर ठेवलेलं, कुठंतरी वाचलेलं की क्वालिटी त्यातच. पण व्हॅलोरंट स्वतःच प्रोसेसर खातो, त्यात सहा कोअरवर मीडियम झेपत नाही. सरळ एनव्हीएन्क, म्हणजे ग्राफिक कार्डातला एन्कोडर, केलं, ती ओळ शून्यावर. दुसऱ्या महिन्यात मीच मित्रांना छातीठोकपणे सांगितलेलं की एक्स264 शिवाय पर्याय नाही, ते माझे शब्द मी मागं घेतो. एक मात्र सांगतो, साध्या 1650 च्या बहुतेक कार्डांत एन्कोडर जुन्या पिढीचा आहे, 1650 सुपरमध्ये नवा आहे. सेकंडहँड कार्ड घेणार असाल तर सुपर शोधा.

रेंडरिंगची ओळ गेमचा एफपीएस, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, मोकळा सोडल्यामुळं चढत होती. कार्ड 99 टक्के गेमलाच दिलं तर ओबीएसनं सीन कशावर जुळवायचा? 120 वर लॉक केलं, ओबीएस अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडायला लागलो, ते पण संपलं. फुकटात.

राहिलं नेट. इथं माझं केबलवाल्याशी जोरात भांडण झालं. प्लॅन 100 एमबीपीएसचा, दुपारी दीडला टेस्ट केली की अपलोड नव्वदच्या वर, रात्री साडेनऊला सात-आठ आणि तेही वरखाली. त्यांचा माणूस आला, लॅपटॉप वायरनं राउटरला जोडला, 92 दाखवले आणि म्हणाला, "लाईन ओके आहे दादा, तुमच्या कॉम्प्युटरचं बघा." तेव्हा मला राग आला, पण आज कबूल करतो की तो अर्धा बरोबर होता. राउटर हॉलमध्ये, पीसी मागच्या खोलीत, मध्ये दोन भिंती, आणि रात्री बिल्डिंगमधले सगळे घरी आले की सगळ्यांचे वायफाय त्याच 2.4 गिगाहर्ट्झवर. रविवारी वडिलांना स्टूल धरायला लावून खिडकीच्या वरनं 20 मीटर कॅट6 वायर ओढली, 460 रुपये झाले. त्या रात्री ओबीएसच्या खालच्या कोपऱ्यातलं नेटची हालत दाखवणारं चिन्ह दीड तास हिरवंच राहिलं, पिवळं सुद्धा नाही झालं. मी गेम कमी आणि ते चिन्हच जास्त बघत होतो. खरंच आनंद झाला.

पण पुढं दहाच्या सुमाराला तरी थोड्या फ्रेम गळायच्याच. मग मी वहीत पंधरा दिवस रोज नऊ, दहा, अकराचे आकडे लिहिले, वायरवरचे, आणि वही घेऊन त्यांच्या ऑफिसात गेलो. आकडे पुढं ठेवल्यावर त्यांनी आमची लाईन दुसऱ्या बॉक्सवर घेतली. तुम्ही पण तोंडी तक्रार करू नका, लिहून न्या. आणि स्पीड टेस्ट ज्या वेळेला स्ट्रीम करणार त्याच वेळेला करा, दुपारची कामाची नाही.

बिटरेटचं, म्हणजे सेकंदाला किती डेटा पाठवायचा त्याचं, मत पण बदललं. आधी 1080पी 60 चा (60 म्हणजे सेकंदाला फ्रेम) हट्ट होता, बिटरेट 6000, म्हणजे 6 एमबीपीएस. यूट्यूब स्वतः 1080पी 60 ला 12 एमबीपीएस सुचवतं आणि 720पी 60 ला 6. 1080पी मध्ये 720पीच्या सव्वादोन पट पिक्सेल आहेत, तेवढ्यांत तोच 6000 वाटला की गेममध्ये स्मोक पडल्यावर नुसते चौकोन दिसतात, मिनीमॅप वाचता येत नाही. बघणारे बहुतेक मोबाईलवर बघतात. मी आउटपुट 1280 बाय 720 केलं, चित्र लहान करायची पद्धत (डाउनस्केल) लँक्झोस, सीबीआर म्हणजे एकसारखा बिटरेट 6000, आणि कीफ्रेम म्हणजे पूर्ण चित्र दर 2 सेकंदाला. भाचा म्हणाला, "आता टीव्हीसारखं दिसतंय." ट्विच या स्ट्रीमिंगच्या साइटवर करणाऱ्यांनी 720पी 60 ला 4500 ठेवा, तेवढं बास. डेटाचा हिशोब, 6000 म्हणजे तासाला 2.7 जीबी, महिन्याला माझे पावणेदोनशे जीबीच्या आत बसतात.

आवाजाचं थोडक्यात. माईक आणि ओबीएस दोन्हीकडं सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ ठेवा, आणि नॉइज सप्रेशनमध्ये, म्हणजे मागचा गोंगाट दाबणाऱ्या फिल्टरमध्ये, आरएनएनॉइज ही पद्धत लावा. आमच्या स्वयंपाकघरातला कुकर माझ्या खोलीच्या भिंतीला लागूनच आहे, शिट्टी व्हायची तेव्हा बोलणं थांबवायला लागायचं. आता पंखा तर गेलाच, शिट्टी पण लांबनं आल्यासारखी येते.

एकच गोष्ट अजून सुटलेली नाही, लाईट. राउटरला छोटा यूपीएस लावलाय, तो चालू राहतो, पण चौकातल्या बॉक्सला बॅकअप नाही, लाईट गेली की नेट पण गेलं. परवा साडेदहाला तसंच झालं, स्टॅट्समध्ये तोपर्यंत ड्रॉप्ड फ्रेम शून्य होत्या. त्याचा अर्ज काल देऊन आलोय, वहीची झेरॉक्स जोडून.