पुंगळ्या रिसाइझ करायला वंगण कोणतं घ्यावं: मेण, लॅनोलिन की स्प्रे?

इथे टेक्सासमध्ये राहणाऱ्या एका मित्राने नुकतीच पहिली रायफल घेतली, .३०८ विंचेस्टरची, आणि सोबत काडतुसं रीलोड करायला, म्हणजे वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरायला, सिंगल-स्टेज प्रेस (दांडा ओढून एका वेळी एकच काम करणारं यंत्र). बंदुकीची दारू आणि बुलेट कोणत्या घ्यायच्या हे त्याने मॅन्युअल वाचून ठरवलं होतं. तो अडला वंगणापाशी, म्हणजे पुंगळी दाबून मूळ मापाला आणताना (रिसाइझ करताना) तिला जे लावतात त्यापाशी. दुकानात एका फळीवर सहा-सात प्रकार मांडलेले, आणि प्रत्येकावर "सर्वोत्तम" लिहिलेलं. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितो. (भारतातल्या वाचकांसाठी आधीच सांगतो: १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे तिथे परवान्याशिवाय काडतुसं बनवता येत नाहीत. पुढचं सगळं अमेरिकेतल्या छंदाबद्दल आहे.)

आधी वंगण लागतं का ते बघा. ९ एमएम, .३८ स्पेशल, .४५ एसीपी अशा पिस्तूल-रिव्हॉल्वरच्या पुंगळ्या कार्बाइड डायमधून (अतिशय कठीण धातूचा, पुंगळी मापात आणणारा साचा) कोरड्याच काढता येतात. रायफलची पुंगळी निराळी. तिला बाटलीसारखा खांदा असतो, मान असते, आणि गोळी झाडल्यावर ती चेंबरभर (बंदुकीत काडतूस बसतं ती जागा) फुगलेली असते. ते पितळ डायच्या पोलादात दाबून पुन्हा मूळ मापाला आणायचं, तर मधे वंगणाचा थर हवाच. तो नसला की पुंगळी आत रुतते.

रुतते म्हणजे काय होतं ते मी एकदा अनुभवलंय. शंभर पुंगळ्यांवर घाईघाईत फवारा मारला, ट्रेमधल्या मागच्या रांगेपर्यंत तो पोचलाच नाही. साठाव्या-सत्तराव्या पुंगळीला दांडा जड लागला, आणि थांबायच्या ऐवजी मी जोर लावला. पुंगळीचं बूड धरून ठेवणाऱ्या शेल होल्डरने तिचा काठच फाडला आणि पुंगळी डायमध्ये तशीच राहिली. मग डीकॅपिंगची (जुना प्रायमर ढकलून काढायची) दांडी सैल केली, बुडातल्या प्रायमरच्या, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या टोपीच्या, खळग्यातून ड्रिल मारलं, १/४-२०च्या टॅपने आटे पाडले, बोल्ट घालून पुंगळी ओढून काढली. त्यात अख्खी दुपार गेली. त्या दिवसापासून एकच नियम पाळतो: दांडा जड लागला की थांबायचं, पुंगळी बाहेर काढायची, पुन्हा वंगण लावायचं.

आता पर्याय. एका बैठकीत तुम्ही किती पुंगळ्या काढणार, यावर निवड ठरते.

पन्नास-शंभर असतील तर मेण. इंपीरियल सायझिंग डाय वॅक्स ही छोटी चपटी डबी नवशिक्याने डोळे मिटून घ्यावी. बोट मेणावर नुसतं टेकवायचं, अंगठा आणि तर्जनीत चोळायचं आणि पुंगळी त्या दोन बोटांत फिरवायची. बुडाकडच्या भागाला नीट लागलं पाहिजे, कारण सगळ्यात जास्त जोर तिथेच लागतो. खांद्याला जवळजवळ नाहीच. एकदा बोट माखलं की तीन-चार पुंगळ्या निघतात, आणि एक डबी हजारो पुंगळ्यांना पुरते. प्रत्येक पुंगळी हातातून जाते म्हणून चुकून एखादी कोरडी राहत नाही. शिवाय मानेला गेलेली बारीक चीर बोटाला लागते. माझ्या मते हाच याचा मोठा फायदा.

पण .२२३च्या पाचशे पुंगळ्या असतील तर मेण लावून बोटं आंबतात. तिथे लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. एक भाग द्रव लॅनोलिन, दहा ते बारा भाग ९९ टक्के अल्कोहोल. औषधाच्या दुकानातलं ७० टक्क्यांचं नको, त्यात पाणी फार, मिश्रण नीट होत नाही आणि लवकर वाळतही नाही. लॅनोलिन म्हणजे मेंढीच्या लोकरीतला मेणचटपणा. बाटली उघडली की ओल्या घोंगडीचा वास येतो. मला तो आवडतो, घरातल्या इतरांना नाही. पुंगळ्या जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घ्यायच्या, चार-पाच फवारे मारायचे, पिशवी खळखळून हलवायची आणि ट्रेमध्ये पसरून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. अल्कोहोल उडून गेलं की पातळ चिकट थर उरतो, आणि काम तोच करतो. हे थांबणं टाळू नका. खिडकी उघडी ठेवा आणि जवळपास शेगडी, मेणबत्ती काही नको. तयार हवं असेल तर डिलनचा स्प्रे याच जातीचा आहे. महाग पडतो, पण मिसळायची कटकट नाही.

हॉर्नाडी वन शॉटसारखे एरोसोल स्प्रे सगळ्यात स्वच्छ, हाताला चिकटपणा नाही. चांगला हात बसलेले लोक त्यावर वर्षानुवर्षं काम करतात. पण डबा भरपूर हलवणं, चारही बाजूंनी फवारणं, वाळू देणं आणि नव्या डायमधलं गंजरोधक तेल आधी पुसून काढणं, यातलं काही सुटलं तर .३०८सारख्या जाड पुंगळीला तो माफ करत नाही. पहिल्या महिन्यात याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत.

लीची पांढरी पेस्ट स्वस्त आहे आणि पाण्याने धुऊन जाते, बेताचं बजेट असेल तर चालेल. पॅडवर लोळवायचं आरसीबीएसचं वंगणही चालतं, फक्त पॅडवर धूळ बसते आणि ती डायला ओरखडे पाडते.

जास्त लावलं म्हणजे जास्त सुरक्षित, असंही नाही. खांद्यापाशी साचलेलं वंगण डायमध्ये दाबलं जात नाही, मग पितळच आत जातं आणि खांद्यावर खळगा पडतो. बारीक खळगा पुढच्या फायरला निघून जातो. घडी पडल्यासारखा खोल असेल तर ती पुंगळी भंगारात.

मानेच्या आतून एक्स्पांडर (मान आतून मापाला आणणारा डायमधला गोळा) परत येताना किरकिर आवाज आला, तर तिथे कोरडं पडलंय असं समजा. नायलॉन ब्रशने आत जरासं ग्रॅफाइट किंवा अभ्रकाची पूड लावली की आवाज जातो आणि मान ताणून लांबी वाढायचंही कमी होतं. लांबी तरीही मोजायची: .३०८ला कमाल २.०१५ इंच.

शेवटी वंगण काढायचं, मग ते कोणतंही असो. तेलकट पुंगळी चेंबरच्या भिंतीला धरत नाही, सगळा रेटा रायफलच्या बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या भागावर) येतो. मेण असेल तर कापडावर थोडं अल्कोहोल घेऊन पुसा. लॅनोलिन असेल तर मक्याच्या कणसाच्या भुशात वीस-तीस मिनिटं टंबलर चालवा आणि नंतर प्रत्येक पुंगळी उजेडासमोर धरून प्रायमरच्या भोकात भुशाचा कण अडकलेला नाही ना ते बघा.