खरं दुखणं, खोटा दाखला: अपघाताच्या क्लेममध्ये आमची फसवणूक कशी झाली

हॉस्पिटलच्या वॉर्डात येऊन कुणी ‘क्लेम मिळवून देतो’ म्हणालं, तर त्याच्या हातात एकही मूळ कागद देऊ नका. आमचं जे झालं ते सविस्तर लिहिते आहे, कारण ही माणसं आजही वॉर्डावॉर्डांतून फिरताहेत.

शिरवळजवळ हायवेला मागून आलेल्या कारने ह्यांच्या मोटारसायकलला उडवलं. डाव्या नडगीचं हाड मोडलं, आत रॉड घालावा लागला. हे प्लंबर आहेत. ऑपरेशन होऊन हे नीट शुद्धीवरही आले नव्हते, तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक माणूस फाइल घेऊन आला. गाडीचा नंबर, एफआयआरचा नंबर, सगळं त्याला आमच्या आधी ठाऊक होतं. “वहिनी, तुम्ही फक्त दादांकडे बघा, कोर्टाचं मी बघतो. सहा महिन्यांत दावा टाकला नाही तर एक रुपया मिळणार नाही.” मुदतीचं त्याने खोटं सांगितलं नव्हतं. १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची अट आलेली आहे. पण तिची भीती घालून त्याने त्याच आठवड्यात वकीलपत्रावर सह्या घेतल्या. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, एक्स-रेच्या फिल्मा, सगळं पिशवीत भरून नेलं. मिळेल त्यातले तीस टक्के त्याचे, आणि अपंगत्वाच्या दाखल्याचे पंचवीस हजार आगाऊ, असा व्यवहार ठरला.

दाखला आला तेव्हा हे घरीच होते. ज्या डॉक्टरची सही होती, त्याने ह्यांचा पाय कधी पाहिलाही नव्हता. त्यावर ५० टक्के कायमचं अपंगत्व लिहिलेलं. मी विचारलं तर तो फाइलवाला माणूस म्हणाला, “जास्त लिहिलं तर जास्त मिळतं, वहिनी. सगळे असंच करतात.”

कोर्टात हे सगळं उलटलं. दाखला देणारा डॉक्टर साक्षीला फिरकलाच नाही. नुसता दाखला जोडून भागत नाही. देणारा डॉक्टर उलटतपासणीला उभा राहिला नाही, तर त्या कागदाला फारशी किंमत उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ‘राजकुमार विरुद्ध अजयकुमार’ या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. उपचार न करता तयार दाखले वाटणाऱ्या डॉक्टरांपासून सावध राहा, असंही अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणांना त्यातच बजावलंय. विमा कंपनीच्या वकिलाने नेमकं तेच वाचून दाखवलं.

मग त्यांनी फिजिओथेरपीची बिलं काढली. ती मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. तारखा जून, जुलै आणि ऑगस्टच्या, पण बिलांचे नंबर २११, २१२, २१३. एकाच पेनाने, एकाच अक्षरात. तीन महिने त्या दवाखान्यात दुसरा एकही पेशंट आला नव्हता का, असा प्रश्न वकिलांनी विचारला. आमची फिजिओथेरपी खरोखर झाली होती, पण दुसरीकडे, आणि त्या पावत्या त्याच्या पिशवीत गेल्या त्या गेल्याच. एकदा खोटी बिलं सापडली म्हटल्यावर औषधांची खरी बिलंही संशयात आली आणि त्यातली बरीच नामंजूर झाली. दाखला तर कोर्टाने धरलाच नाही.

मला सगळ्यात जास्त राग याचा येतो की खोटं काही करायची गरजच नव्हती. ह्यांचा घोटा पूर्ण वळत नाही, उकिडवं बसता येत नाही, शिडीवर पाय ठरत नाही. मोरीखाली बसून पाइप जोडणाऱ्या माणसाचं काम यात बुडतं. त्याच निकालात हेही आहे की कोर्टाने नुसती टक्केवारी बघायची नाही, त्या दुखापतीने त्या माणसाच्या कमाईवर काय परिणाम झाला तेही बघायचं. हात गेला तर सुताराचं किंवा ड्रायव्हरचं जवळपास सगळं काम जातं, कारकुनाचं तेवढं जात नाही. म्हणजे आमचा खरा दाखला वीस टक्क्यांचा असता, तरी प्लंबर म्हणून ह्यांची बाजू भक्कम होती. ऑपरेशन केलेले डॉक्टर म्हणाले, “मी आलो असतो. मला कुणी बोलावलंच नाही.”

त्यांनीच सांगितलं की केसपेपर आणि ऑपरेशनच्या नोंदी मागण्याचा आपल्याला हक्क आहे. अर्ज दिल्यावर ७२ तासांत प्रती द्याव्या लागतात, आणि अ‍ॅडमिट झालेल्या पेशंटची कागदपत्रं डॉक्टरला उपचार सुरू झाल्यापासून किमान तीन वर्षं जपून ठेवावी लागतात. तेव्हा हा अर्ज लगेच द्या, पोच घ्या. अपघाताची नोंद पहिल्याच दिवशी एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे पोलिसांशी संबंधित केस) म्हणून झालीय का आणि ‘गाडीने धडक दिल्याने’ असं कारण लिहिलंय का, ते स्वतः वाचा. ‘पडून लागलं’ असं लिहिलं गेलं, तर पुढे विमा कंपनी तेच शब्द धरून बसते. एक्स-रे ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही हवेत. बिलं घरीच फाइल करा, वकिलाला झेरॉक्स द्या आणि मूळ कागद कोर्टात दाखल करायच्या वेळी यादीवर सही घेऊन द्या. अपंगत्वाची तपासणी सरकारी रुग्णालयाच्या मंडळाकडून करून घेता येते. त्याला वेळ लागतो, पण तिथे पाय प्रत्यक्ष मोजला जातो.

टक्केवारीचं आणखी एक. निकालावर अवलंबून फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलांना मनाई आहे, दलाल लावून पक्षकार मिळवायलाही. त्यामुळे वॉर्डात येऊन तीस टक्के मागणारा माणूस पहिल्या वाक्यातच नियम मोडतोय.

आम्ही उच्च न्यायालयात अपील केलंय. त्याची मुदत निकालापासून नव्वद दिवस असते. नव्या वकीलबाईंनी ऑपरेशनच्या डॉक्टरांची साक्ष घ्यायची परवानगी मागितली आहे. त्या माणसाविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली आहे, पंचवीस हजारांची पावती मात्र आमच्याकडे नाही. त्याच्या कार्डावर ‘क्लेम सल्लागार’ आणि एक मोबाइल नंबर एवढंच छापलेलं आहे. वकिलाचं नाव नाही, ऑफिसचा पत्ता नाही. असं कार्ड कुणी हातात दिलं, तर आधी वकिलाचं नाव आणि सनद (वकिलीचा परवाना) नंबर विचारा, आणि ते मिळेपर्यंत कशावरही सही करू नका.